शीर्षक बरोबर, बातमी चूक

संपादक महोदय,

‘उधाणाचा बंधाऱ्याला सुरुंग’ हे आपलं शीर्षक चपखल आहे, पण खालच्या बातमीत लाटेच्या एकाच तडाख्यात बंधारा कोसळला म्हणे. ओव्हरसिअर म्हणून माझी सगळी नोकरी दगड-सिमेंटात गेली. भिंत अशी एका तडाख्यात जात नाही.

एखादी गोष्ट नकळत खिळखिळी करणं, याला इंग्रजीत ‘अंडरमाइन’ म्हणतात. सत्ता, विश्वास, तब्येत, कशालाही तो शब्द चालतो. मूळ अर्थ मात्र आमच्या धंद्यातला: भिंतीखाली खणणं. युरोपात तोफेची दारू पोचण्याआधी वेढा घालणारे तटाच्या पायाखाली भुयार खणत, वरचा भार लाकडी टेकूंवर घेत आणि मग टेकू पेटवून देत. १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्यासाठी चाळीस लठ्ठ डुकरं मागवली, ती खायला नव्हे, त्यांच्या चरबीने टेकू पेटवायला! बालेकिल्ल्याचा एक कोपरा खाली आला. पुढे तो गोल बांधला. बाकीचे तीन आजही चौकोनी आहेत.

आपला सुरुंगही आधी नुसतं भुयारच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ येते, दारू त्यात फार नंतर भरली गेली. १६६० मध्ये शाइस्तेखानाने चाकणचा बुरूज उडवला तो दारूच्या सुरुंगाने. आता सुरुंग म्हटला की धडाकाच डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्या वार्ताहराचंही तेच झालं असावं.

समुद्राचा सुरुंग बिनदारूचा. उभ्या भिंतीवर लाट आपटली की पाणी खाली वळतं आणि पायथ्याची वाळू उकरून नेतं. वरून चिरा न् चिरा जागेवर दिसतो, खाली पोकळी वाढत असते. पावसाळ्यातलं उधाण फक्त शेवटचा टेकू काढतं. म्हणून वरच्या भेगा सिमेंटने लिंपणं हा पैशांचा चुराडा. दगड भरायचे ते पायथ्याला, वाळू जिथवर हलते त्याच्याही खाली.

पण पायथा बघतो कोण? पाहणी होते साहेबांच्या सोयीने, भर दुपारी. अमावास्येला आमच्याकडे त्या सुमाराला भरती असते, पाणी भिंतीला टेकलेलं. फोटो निघतात, गाड्या परत जातात.

वार्ताहराला अमावास्येच्या पहाटे, ओहोटीला पाठवा. मी बॅटरी घेऊन येतो. चपला मात्र हातात घ्याव्या लागतील.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर
(ता. मालवण)