ताई, तुम्ही रिकाम्या हाताने आलात म्हणून

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मंडळीच्या (आपल्या चर्चच्या) पंचकमिटीने आभाराचा ठराव केलाय, तो तुम्हाला मिळेलच. त्यात मावलं नाही ते इथे उघडपणे लिहिते, म्हणजे मंडळीतले सगळे वाचतील.

तुम्हाला बोलावलं तेव्हा आमचा हिशेब सोपा होता. बाहेरचं जाणतं माणूस येईल, मंडळीचं ध्येय लिहून देईल, आम्ही ते फ्रेम करून लावू. असं एक वाक्य पूर्वीही लिहून झालं होतं. इतकं गोड की कुठल्याही मंडळीच्या भिंतीवर शोभलं असतं. ती फाईल कपाटात आहे अजून.

तुम्ही आलात ते रिकाम्या हाताने, आणि पहिल्याच बैठकीत बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 2रा अध्याय वाचायला लावलात. नहेम्या यरुशलेमेचा तट पुन्हा बांधायला येतो, पण पोचल्यावर तीन दिवस काहीच करत नाही. मग रात्री मोजकी माणसं घेऊन मोडलेला तट पाहत फिरतो, आणि काय मनात आहे ते कुणाला सांगत नाही. तट 52 दिवसांत पुरा झाला हे आम्हाला पाठ. ती रात्र मात्र आम्ही दर वेळी वगळूनच पुढे जात होतो.

आमची रात्रीची फेरी म्हणजे हजेरीचं रजिस्टर. तुम्ही विचारलंत, “पहिल्यांदा आलेलं माणूस दुसऱ्यांदा आलं, असं शेवटचं कधी झालं?” कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, “येतात ती. आपण आपापसांत बोलत बसतो.” इतकी वर्षं पायऱ्यांवर कुजबुजलेलं ते वाक्य आत, पाळकसाहेबांसमोर, मोठ्याने बोललं गेलं. त्यानंतर जे भांडण झालं त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही ते थांबवलं नाहीत. सगळे थकेपर्यंत ऐकत राहिलात आणि मग फक्त प्रार्थना करू या म्हणालात. त्या एका गोष्टीसाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे.

पुढच्या बैठकीत कामांची यादी झाली आणि एकाच बाईंचं नाव पाच ठिकाणी निघालं. (हो, मीच ती. मला वाटायचं, मी सोडलं तर सगळं बसेल.) तेव्हा तुम्ही बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा 6वा अध्याय काढलात. पहिल्या मंडळीत विधवांना अन्न वाटताना भेदभाव होतो अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, ते काम स्वतःवर ओढून घेतलं नाही. लोकांनाच सात जण निवडायला सांगितलं. मी त्याच आठवड्यात दोन वह्या आणि एक किल्ली देऊन टाकली. गायनाची वही ज्या मुलाकडे गेली तो माझ्यापेक्षा बरं सांभाळतोय, हे पचायला थोडे दिवस लागले.

नवीन इमारतीचं स्वप्न तुम्ही मोडलं नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातल्या 14व्या अध्यायातला बुरूज बांधणारा माणूस आठवा म्हणालात, आधी बसून खर्चाचा अंदाज करणारा. आम्ही बसलो, अंदाज केला, आणि तो विषय आपोआप मागे पडला. त्याऐवजी वर्षासाठी तीनच गोष्टी ठरल्या: नवीन माणसाशेजारी कुणीतरी बसायचं, आजारी आणि एकट्या माणसांच्या घरभेटी वाटून घ्यायच्या, आणि रविवारची संध्याकाळची उपासना, जिला आम्ही केवळ सवयीने येत होतो, ती बंद करायची. शेवटच्या गोष्टीवर मत द्यायला हात वर करताना दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उपासना त्यांच्या वडिलांनी सुरू केली होती.

सगळे सामील झाले असं मी म्हणणार नाही. नहेम्याच्या 3ऱ्या अध्यायात सोनार तट बांधतात, शल्लूम आपल्या मुलींसह बांधतो, पण तकोवा गावचे सरदार कामाला खांदा देत नाहीत. आमच्याकडेही तकोवाचे सरदार आहेत. त्यांनाही बैठकीचा निरोप मात्र दर वेळी जातो, ही सवय तुमचीच.

पुढच्या महिन्यात आढावा आहे, नक्की या. खुर्च्या मांडायला लागू नका, त्याची पाळी आता लावली आहे.

तुमची,
मंडळीची माजी सर्वकाही, सध्या फक्त चिटणीस