बोलल्याशिवाय जिंकता येणार नाही असा खेळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजीच्या तासाला मी गेम आणि क्विझची ॲप्स वापरते, आणि ती वापरावीत याच मताची आहे. पण वर्गात गलका झाला, मुले खूश झाली म्हणजे इंग्रजी आले, असे धरून चालू नये, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात भूतकाळाच्या क्विझमध्ये एका मुलाची सगळी उत्तरे बरोबर आली. 'गो'चे 'वेंट' त्याने चार पर्यायांतून क्षणात टिपले. तास संपल्यावर मी सहज विचारले, काल काय केलेस? तो म्हणाला, "यस्टर्डे आय गो टु माय फ्रेंड." शब्द ओळखणे निराळे आणि तो ऐनवेळी जिभेवर येणे निराळे. त्यातून अनेक क्विझमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. मग मुले वाक्य पुरते वाचतच नाहीत, आणि सावकाश वाचणारे मूल पाच मिनिटांत मान खाली घालून बसते. टायमर बंद करायची सोय असेल तिथे मी तो आता बंदच ठेवते.

ॲपचे एक काम मात्र माझ्या हातून कधीच झाले नसते. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली की टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिले. कोणत्या मुलाला आज कोणता शब्द पुन्हा विचारायचा, हा हिशेब भरल्या वर्गात ठेवणे मला अशक्य. शब्दकार्डांचे ॲप तो बिनबोभाट ठेवते. ते काम त्याच्यावर सोपवावे आणि वाचलेला वेळ बोलण्याला द्यावा.

त्या वेळात मी जोड्या लावते. एकाच खोलीची दोन चित्रे, सहा फरक, मध्ये वही उभी. डोकवायचे नाही, इंग्रजीत विचारूनच फरक शोधायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी त्यात अडली. जोडीदाराची मांजर 'अंडर द टेबल', हिची टेबलामागे. "अंडर? नो, नो! नॉट बिहाइंड?" तिने तीनदा विचारले, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून.

गेम बनवणाऱ्यांनी आणि शाळांसाठी ते निवडणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे, की त्यात मुलाला बोलावे लागते का. कोणाला किती गुण पडले, याचा तक्ता मला क्विझ संपताच मिळतो. कोण किती वाक्ये बोलले, हे मीच वहीत टिपते. त्या मुलीच्या नावापुढे त्या दिवशी नऊ आहेत.

कळावे,
एक इंग्रजी शिक्षिका