शंभर डोसची बाटली आणि आमच्या चौदा कोंबड्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात परसातल्या कोंबड्यांवर अर्धं पान लेख आला होता, महिलांना घरबसल्या उत्पन्न वगैरे, आणि फोटोत एक बाई कोरी साडी नेसून टोपलीभर अंडी घेऊन हसतेय. लेख चांगला होता, पण लिहिणाऱ्याने कोंबडी पाळलेली नसावी असं मला वाटलं, कारण त्यात 'दररोज सायंकाळी अंडी गोळा करावीत' असं लिहिलंय. अहो गावठी कोंबडी अंडं कुठे घालते ते तिचं तिलाच ठाऊक. आमची कवडी काही महिन्यांपूर्वी दिसेनाशी झाली, मुंगसाने नेली म्हणून आम्ही तिच्या नावाने हळहळून मोकळे झालो आणि बावीस-तेवीस दिवसांनी बाईसाहेब गवताच्या उडवीतून नऊ पिल्लं घेऊन खळ्यात हजर!

मी सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका गावात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून घरात कोंबड्या आहेत, आधी सासूबाईंच्या आणि आता माझ्या, म्हणजे काम माझं, अंड्यांचा हिशोब अजून सासूबाईंचाच. सध्या चौदा आहेत. एवढ्या कोंबड्यांवर कोणी श्रीमंत होत नाही पण घरातल्या बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्च करायचे जे चार पैसे असतात ते याचेच. मुलाची शाळेची फी एका वर्षी अशीच भरली होती मी, मिरगाच्या आधी तीन कोंबे विकून.

मिरगाचं कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगते. सात-आठ जूनला मृग नक्षत्र लागतं तेव्हा आमच्याकडे घरोघरी गावठी कोंबडा लागतो, त्या आठवड्यात कोंबड्याला जो भाव येतो तो वर्षात परत नाही. शिवाय राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, कोंबडा लागतो, कोणाचा नवस असतो, उलट्या पिसांचा असेल तर लांबून विचारत येतात. आणि मे महिन्यात चाकरमानी. हे लोक मुंबईत पिझ्झ्याला किती मोजतात ते विचारू नका पण इथे येऊन 'वहिनी ब्रॉयलर एवढा स्वस्त मिळतो आणि तुमचा कोंबडा सातशेला कसा' असं तोंड वर करून विचारतात. त्यांना काय सांगणार की हा सातशेचा कोंबडा अंड्यातून बाहेर यायला एकवीस दिवस आणि मोठा व्हायला सहा-सात महिने लागलेत, आणि त्याच्याबरोबर निघालेली बारातली आठ भावंडं कोणाकोणाच्या पोटात गेलीत.

ती यादी मोठी आहे. वरून घार आणि कावळे, खालून मुंगूस, रात्री कांडेचोर आणि रानमांजर, अंड्यांना साप. गेल्या पावसात खुराड्याच्या फळीला बोटभर फट राहिली होती तेवढ्यातून धामण आत, सकाळी बघतो तर धामणीचं पोट एवढं फुगलेलं की आली त्या फटीतून तिला परत जाता येईना! आमच्या ह्यांनी काठीने उचलून व्हाळापलीकडे (म्हणजे ओढ्यापलीकडे) सोडली. पाऊस हा आणखी एक शत्रू. चार महिने खुराडं सुकत नाही, तूस टाका, राख टाका, तिसऱ्या दिवशी परत चिखल, मग पिल्लांना रक्ती हगवण. आणि शेजारीण! रोहिणीत भात पेरलं की कोंबड्या उकरतात, मग आमच्या वाडीत जी भांडणं होतात त्याचे आवाज तुमच्या ऑफिसपर्यंत यायला हरकत नाही. पेरणीचे दहा-बारा दिवस मी सगळ्या कोंबड्या डालग्याखाली ठेवते आणि त्या दिवसभर मला शिव्या देतात.

पण हे सगळं चालतं. दोन कमी, चार जास्त, धरूनच चालतो आपण. ज्याने कंबर मोडते ते म्हणजे मानमोडी, पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. मला पत्र लिहायचंय ते यावर.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर उन्हाळा सुरू होता होता पलीकडच्या काकींनी हाक मारली, 'गो बाय, माझो कोंबो मान वाकडी करून बसलो, जरा बघ.' जाऊन बघितलं तर पंख खाली सोडलेले, तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, खाली हिरवट पांढरी घाण. आठ दिवसात काकींच्या अकरातल्या दहा गेल्या, आमच्या सतरातल्या दोन राहिल्या. कवडी त्या दोघींतली एक. या रोगावर औषध नाही, एकदा आला की आला, लस आधीच टोचलेली पाहिजे. लस टोचली तर वाचतात, यात काही गुपित नाही, लस आपल्याच पुण्यात औंधला सरकारी संस्थेत तयार होते. मग आमच्या कोंबड्या का मरतात?

कारण एक नंबर, बाटली. सगळ्यात लहान बाटली मला मिळाली ती शंभर डोसची. त्यात पावडर असते, ती द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवायची, नाहीतर लस मेली. फार्मवाल्याला ठीक आहे, त्याची हजार पिल्लं एका छपराखाली. माझ्याकडे चौदा. उरलेल्या शहाऐंशी थेंबांचं मी काय लोणचं घालू? दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, तक्रार त्यांची नाही, एका माणसाकडे एवढी गावं, गुरांची लसीकरणं, वर कागदपत्रं. पण त्यांचंही म्हणणं हेच की पन्नास-साठ पक्षी एका जागी जमवा मी येतो. आता जमवणार कसे?

इथे कारण दोन नंबर, टायमिंग. साहेब दहा वाजता निघतात आणि अकराला वाडीत पोचतात. तोपर्यंत कोंबडी बाहेर पडून चार तास झालेले असतात, कोणी माडाच्या बागेत, कोणी कुंपणापलीकडे, कोणी कलमांच्या पाचोळ्यात वाळवी शोधत. अकराच्या उन्हात गावठी कोंबडी धरून दाखवा, मी त्या माणसाला पन्नास अंडी बक्षीस देते. कोंबडी सापडते ती दोन वेळेला, सकाळी खुराडं उघडायच्या आधी आणि संध्याकाळी सात नंतर ती चढून बसली की. त्या दोन्ही वेळेला ऑफिस बंद!

पशुगणनेलाही हेच. गणती करणारा मुलगा भर दुपारी आला, खळ्यात एक म्हातारी कोंबडी आणि मी. 'काकी किती लिहू?' म्हटलं लिही बाबा सोळा, दिसत नाहीत पण आहेत. २०१९ च्या गणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर निघाल्या आणि त्याआधीच्या गणनेपेक्षा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास वाढल्या असं आलं होतं. त्यातल्या किती अशा अंगणात उभं राहून विचारून लिहिल्या असतील देव जाणे.

तर मानमोडीत सगळं गेल्यावर मी हट्टाला पेटले. गेल्या वर्षी माघात वाडीतल्या नऊ घरांत फिरून सांगून ठेवलं, कोंबड्या आठवडाभर आधी जंताचं औषध देऊन तयार ठेवा. दुपारच्या एसटीने थर्मासमध्ये बर्फ भरून बाटली आणली, घरी येऊन फ्रीजात, आणि नेमकी साडेसहाला लाईट गेली. (आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही.) थर्मासमधला बर्फ होता म्हणून निभावलं. सात वाजता मिसळली आणि धावपळ सुरू, मी, काकी, काकींची नात बॅटरी धरून. ही मानमोडीची लासोटा नावाची लस डोळ्यात एक थेंब घालायची असते, पण नुसता थेंब टाकून सोडायचं नाही, कोंबडी पापणी मिटून उघडते आणि थेंब आत ओढला जातो तोपर्यंत तिचं डोकं तसंच धरून ठेवायचं. दोन-तीन सेकंद असतात ती. पण अंधारात, तिचं काळीज तुमच्या तळहातावर धडधडतंय, ती एका डोळ्याने तुमच्याकडे बघतेय आणि शेजारच्या कोंब्याने बोंब ठोकून अख्खी वाडी उठवलीय, तेव्हा ती दोन सेकंद फार मोठी होतात. नऊ घरं, त्रेसष्ट पक्षी, पावणेनऊला संपलं. उरलेली बाटली उकळत्या पाण्यात टाकली.

त्या उन्हाळ्यात वरच्या वाडीत मानमोडी आली. आमच्या वाडीत एका घरात तीन मेल्या, त्या बाजारातून नंतर आणलेल्या होत्या. बाकी सगळ्या जगल्या.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाहीये. मी अडाणी बाई नाही पण डॉक्टरही नाही, आणि पुढचा डोस पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की कातडीखाली सुईने द्यायचा असतो तो द्यायची माझी हिंमत नाही. मोठ्या पक्ष्यांची ती जोरकस लस चुकून लहान पिल्लांना दिली तर लसच बाधते. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. बचत गटांमध्ये पशुसखी म्हणून बायका तयार केल्यात, त्यांना हेच काम मानधन देऊन वाडीवार द्या की. आमच्याच वाडीतली बाई असेल तर पहाटे साडेपाचला यायला तिला ऑर्डर लागणार नाही. वर्षातून तीन तारखा आधी जाहीर करा, एक माघात, एक मिरगाच्या आधी, एक दिवाळीच्या सुमारास, म्हणजे मधल्या काळात निघालेली पिल्लंही सापडतील. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात त्यात एक दिवस हे येऊ दे. पुतण्या पुण्याला जनावरांच्या डॉक्टरकीला आहे, तो म्हणाला आफ्रिकेत टांझानिया, मोझांबिककडे खेड्यातल्या बायकाच डोळ्यात थेंब घालतात आणि तिथली आय-टू नावाची लस उष्णतेत जरा जास्त टिकते. म्हणजे जगात कुठेतरी कोणीतरी फ्रीज नसलेल्या बाईचा विचार केलाय.

त्याऐवजी आपल्याकडे योजनेत काय येतं, तर पिल्लं. एक दिवसाची शंभर पिल्लं! त्यांना पहिले तीन आठवडे बल्बची ऊब लागते आणि लाईटचं वर सांगितलंच. सुधारित जातींना मी नावं ठेवत नाही, गिरिराज, वनराज झटपट वाढतात, अंडी वर्षाला शंभराच्या वर देतात, आमची गावठी पन्नास-साठवर थांबते. पण त्या खुडूक बसत नाहीत, अंडी उबवत नाहीत, म्हणजे पुढची पिल्लं परत विकतच आणा, आणि अंगाने एवढ्या जड की मुंगूस आलं तर आमच्या भुर्रकन आंब्यावर जातात आणि ह्या खालीच 'काय झालं काय झालं' करत उभ्या. वरच्या आळीत एकीने योजनेतून घेतल्या होत्या, ती आता रिकाम्या पिंजऱ्यात सुकी लाकडं ठेवते.

एक नाजूक गोष्ट. कोंबड्या मरायला लागल्या की लोक कळवत नाहीत, लपवतात. आजारी असते ती कापून खातात किंवा पटकन बाजारात विकून टाकतात, मेलेल्या व्हाळात टाकतात आणि रोग पाण्याबरोबर खालच्या वाडीला. रागावून उपयोग नाही, भीती बर्ड फ्लूची आहे. २००६ ला नवापूरला पहिल्यांदा आला तेव्हा टीव्हीवर बघितलं, २०२१ च्या जानेवारीत दापोलीला मेलेल्या कावळ्यांत सापडला, २०२५ च्या जानेवारीत उरणजवळ चिरनेरला, आणि एकदा तो ठरला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरतात, धडधाकटसुद्धा. भरपाई असते, पण खुडूक बसलेल्या कवडीची भरपाई कोणता फॉर्म भरून मागायची? म्हणून लोक गप्प. मानमोडीची लस नियमित झाली तर मानमोडीने मरणं थांबेल, मग तरीही दहा कोंबड्या एकदम मेल्या तर माणूस स्वतःहून घाबरून फोन करेल. आता सगळ्याच मरणांना एकच उत्तर आहे, 'मिरगाआधी असाच रोग येता' असं म्हणून गप्प बसायचं.

आणखी बरंच लिहिता येईल, भटक्या कुत्र्यांचं, कोंड्याच्या भावाचं, पण तुम्ही छापणार तरी किती.

कवडी परत खुडूक आहे. यावेळी तिला उडवीत जाऊ दिलं नाही, स्वयंपाकघरामागे टोपलीत गवत घालून बारा अंड्यांवर बसवलीय. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली, दहांत लाल शिरा दिसतात, दोन वांझ निघाली ती काढली. येत्या गुरुवारी एकवीस दिवस होतात. म्हणजे त्याच्या पुढच्या गुरुवारी पिल्लांना पहिला थेंब लागेल. आठ घरं कबूल झालीत, मोजून एकाहत्तर पक्षी आहेत, शंभरच्या बाटलीत एकोणतीस डोस शिल्लक राहतात, तेव्हा खालच्या वाडीतल्या कोणी वाचत असेल तर निरोप धाडा. आणि हे पत्र वाचून खात्यातलं कोणी खरंच येणार असेल तर सकाळी सहाच्या आत या, चहा ठेवते. साडेसहाला मी खुराडं उघडते.

आपली नम्र,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग