आजी तुझ्याशी कादोडीतच का बोलायची

वसई, २ नोव्हेंबर २०२५

सायली बाळा,

आज मृतांचा दिवस. सकाळच्या मिस्सेनंतर आजीच्या कबरीवर जाऊन आलो. जुलैत तुला टोरोंटोहून येता आलं नाही, म्हणून तुझ्या नावाची एक मेणबत्ती वेगळी लावली. वारा होता, चार वेळा विझली. मम्मी म्हणाली, राहू दे आता. मी पाचव्यांदा लावली.

तेवढ्यात माझा एक वर्गमित्र आला. नाव लिहीत नाही, तू ओळखतेस. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जाणारा. हातातला गजरा क्रुसावर ठेवला आणि म्हणाला, "बाईंचे अक्षर फार सुंदर होते." आपल्याच वाडीतला, आपल्याच कुपारी ख्रिस्ती समाजातला माणूस, माझ्या वयाचा, आणि माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलतो. तू मागे फोनवर विचारलं होतंस ना, आजी एवढी मास्तरीण, मग माझ्याशी एक वाक्य शुद्ध का बोलली नाही? त्याचं उत्तर या माणसापाशी आहे. तेव्हा मी टाळलं होतं.

आजी १९५७ साली नोकरीला लागली. फायनल पास, पुढे दोन वर्षांचं ट्रेनिंग. शाळा तेव्हा लोकल बोर्डाच्या होत्या, झेडपी १९६२ ला आली. शाळेत पाचवारी साडी, घरी आणि देवळात लाल लुगडं. भाषेचंही तसंच. आजोबांशी कादोडी, म्हणजे आपली कुपाऱ्यांची घरची बोली; शाळेच्या पायरीवर पाय पडला की प्रमाण मराठी. देवळात तर लॅटिन, तेही तोंडपाठ. अर्थ कुणाला कळायचा देव जाणे. व्हॅटिकनच्या सभेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा ती पहिल्यांदा रडली, असं आजोबा सांगायचे. पहिल्यांदा प्रार्थना समजली म्हणून.

मी तिसरीत तिच्याच वर्गात होतो. घरी आई, वर्गात बाई. चुकून "आई" म्हटलं तर मलाही पट्टी. १९७३-७४ चं ते वर्ष. एकदा या वर्गमित्राला तिने उभं करून धडा सांगायला लावला. धडा त्याला येत होता, पण घरच्या बोलीत यायला लागला. पोरं हसली. बाईंनी हात पुढे करायला सांगितला. लाकडी पट्टी, दोन फटके. "पुन्हा सांग. शुद्ध." त्याने परत तेच वाक्य तसंच म्हटलं, त्याला दुसरं येतच नव्हतं ना! आणखी चार. मग मधल्या सुट्टीपर्यंत दाराबाहेर. मी पहिल्या बाकावर होतो. हसणाऱ्यांत मीही होतो, हे तुला सांगून टाकतो.

तिची बाजूही ऐक. तपासनीस आला की पोरांची बोली ऐकून तोंड वाकडं करायचा. परीक्षेत घरचे शब्द लिहिले की गुण कापले जायचे. आपल्या पोरांना कुणी गावंढळ म्हणू नये, एवढंच तिच्या डोक्यात. तिने पट्टी दुष्टपणाने उचलली नव्हती. पण उचलली.

१९९६ ला ती निवृत्त झाली. मग २००० चं पवित्र वर्ष आलं. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल रोममध्ये जाहीर क्षमा मागितली. आपल्या फादरांनी प्रवचनात ते सांगितलं आणि मत्तयातलं ते वचन वाचलं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आजी घरी आली, जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, कडेने त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. तो अंगणात फुलं निवडत होता. बाई आल्या म्हणून धडपडत उठला, हात पुसले. बासष्ट वर्षांची बाई त्याच्यासमोर उभी राहून कादोडीत म्हणाली की मी तुला मारलं होतं, मला माफ कर.

मला वाटलं, तो म्हणेल, अहो बाई, मला आठवतही नाही. सगळे तसंच म्हणतात. तो मात्र म्हणाला, "आठवते ना, बाई. म्हणून तर मी माझ्या मुलांशी घरी शुद्धच बोलतो. त्यांना मार नको." अगदी कृतज्ञतेने म्हणाला गं. आजीचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ती आली होती सहा फटक्यांची माफी मागायला, आणि त्याच्या पोरांपर्यंत पोचलेला मार तिला तिथे कळला.

परत येताना ती बोलली नाही. रात्रीच्या जपमाळेत त्याच्या मुलांची नावं आली, ती शेवटपर्यंत रोज येत राहिली.

पुढच्या वर्षी तू झालीस. बाप्तिस्म्याहून आल्यावर तिने तुला मांडीवर घेतलं आणि कादोडी सुरू केली, ती थेट व्हॉट्सअ‍ॅपवर तुला आवाज पाठवेपर्यंत. मम्मी कुरकुरायची, इंग्रजी शाळेत हिचं कसं होणार. आजी म्हणायची, ते शाळा बघेल.

आता माझं एक काम कर. माझ्याशी ती आयुष्यभर मराठीच बोलली, घरीसुद्धा. मी तिचा विद्यार्थी होतो ना. त्यामुळे माझी कादोडी लंगडी, आणि तिच्या तोंडची, मला उद्देशून म्हटलेली, माझ्याकडे जवळजवळ नाहीच. तुझ्या फोनमध्ये तिचे ते आवाज असतील तेवढे सगळे पाठव. भाजीत मीठ किती घाल सांगणारे, फोन का केला नाहीस म्हणून झापणारे. तुला दिलेल्या शिव्यांसकट पाठव.

तुझा,
पप्पा