औषधखरेदी : निविदा उघडल्यानंतरचे काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

सरकारी रुग्णालयांसाठीची औषधखरेदी २०१७ मध्ये लसी व औषधे बनवणाऱ्या सरकारी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली आणि माल वेळेवर मिळत नाही अशी ओरड वाढल्यावर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. खरेदी करणारे कार्यालय असे बदलत राहिले, तरी जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात औषध का पोहोचत नाही याचा उलगडा ज्या कागदांतून होईल, ते आजही सामान्य माणसाला सहजी पाहता येत नाहीत.

ई-निविदेमुळे लिफाफे उघडेपर्यंतचा व्यवहार बऱ्यापैकी दिसू लागला, हे मान्यच केले पाहिजे. पुरवठा आदेश कधी निघाला, माल किती आला, तपासणी अहवाल काय सांगतो आणि देयक किती महिन्यांनी निघाले, हे मात्र फायलीतच राहते. देयक रखडणार हे गृहीत धरून पुरवठादार तेवढे व्याज आधीच दरात चढवतो, आणि ज्याला इतके थांबणे परवडत नाही असा लहान पण चोख उत्पादक निविदा भरतच नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास व्याज द्यावे, असे २००६ चा केंद्रीय कायदा सांगतो; पण पुढची निविदा हातची जाईल या धास्तीने ते व्याज मागायला धजावणार कोण? मग साठा नोंदवहीत शिल्लक 'निरंक' लागते, चढ्या दराने स्थानिक खरेदीची धावपळ सुरू होते आणि तीही वेळेत झाली नाही, तर रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी पडते.

तामिळनाडूने १९९४ मध्येच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तेथे प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वाट्याच्या तरतुदीचे पासबुक मिळते व त्यावर जिल्हा गोदामातून गरजेप्रमाणे औषधे उचलता येतात. नमुने उत्पादकाची ओळख झाकून प्रयोगशाळेत जातात. त्या राज्याने १९९८ मध्ये, तर राजस्थानने २०१२ मध्ये पारदर्शक खरेदीचा कायदाही केला. केंद्राचे याच विषयावरचे २०१२ चे विधेयक लोकसभा विसर्जित होताच बारगळले, आणि खरेदीच्या पारदर्शकतेबाबत आपली भिस्त अजून शासन निर्णयांवरच आहे.

तेव्हा विनंती अशी की, प्रत्येक दरकराराखालील (म्हणजे ठरावीक काळासाठी दर बांधून घेणाऱ्या कराराखालील) आदेशाची, माल मिळाल्याची, तपासणी अहवालाची व देयक अदा झाल्याची तारीख प्राधिकरणाने संकेतस्थळावर द्यावी, आणि विलंबाचे व्याज पुरवठादाराने अर्ज न करताही देयकात जोडले जावे.

आपला,
एक करदाता नागरिक