रिओला जाताना एक दिवस ढगांसाठी ठेवा

मा. संपादक,
स. न.

आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या, १ जूनला मासेमारी बंद झाली, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या झाल्या की आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांना वर्षातली खरी मोकळीक मिळते. परदेश सहलींच्या जाहिरातीही याच सुमारास येतात. दक्षिण अमेरिकेच्या सहलींत तर चार-चार देश एका दमात दाखवतात आणि ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. एवढा खर्च करून जाणाऱ्यांची यात फार निराशा होते, म्हणून हे पत्र.

दीड दिवस कमी पडतो तो ढगांमुळे. रिओचा प्रसिद्ध येशूचा पुतळा ज्या कोर्कोवादो डोंगरावर आहे तो ७१० मीटर उंच आणि समुद्राच्या अगदी जवळ. दमट वारे कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि माथा ढगात जातो. खाली कोपाकबाना किनाऱ्याच्या वाळूत लख्ख ऊन असले तरी वर ३० मीटर उंचीचा पुतळा पायथ्याशी उभे राहूनही धड दिसत नाही. आंबोलीच्या कावळेसादला धुक्यात दरी शोधत उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे रिओत सलग चार दिवस हवेत. तीन फिरण्याचे आणि एक मोकळा, ढगांच्या हिशेबातला.

आपला पावसाळा म्हणजे तिथला हिवाळा. जून-जुलैत दिवसा साधारण २५ अंश, रात्री १८, आणि पाऊस कमी. डिसेंबर ते मार्च मात्र उकाडा आणि दुपारनंतर धो धो सरी. हिवाळ्यातही दक्षिणेकडून थंड हवा घुसली की दोन-तीन दिवस आभाळ भरून राहते आणि समुद्र खवळतो. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी असल्याने गर्दी वाढते, म्हणून जूनचा उत्तरार्ध उत्तम. दिवस लहान असतो, सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे वेळापत्रक आखताना विसरू नये.

तयारीतली पहिली पायरी तिकीट नव्हे, यलो फीव्हरची लस आहे. लोक ती शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथेच फसतात. हा रोग आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, त्यामुळे सरकार याबाबत कडक आहे. ब्राझील सोडल्यापासून ६ दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होते आणि मग आयुष्यभर चालते. सरकारमान्य केंद्रांतलेच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, घरच्या डॉक्टरांचे चालत नाही. अशी केंद्रे मुंबईत आहेत. सिंधुदुर्गकरांना गोव्यातले मुरगाव बंदराचे केंद्र जवळ पडेल. लसीचे वार ठरलेले असतात, तेव्हा आधी वेळ घ्या आणि मूळ पासपोर्ट बरोबर न्या. ही लस जिवंत विषाणूची असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो. आपल्याकडचे सहलीला निघणारे बरेच जण याच वयाचे असतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी हा सल्ला झालाच पाहिजे.

व्हिसा आधी काढावा लागतो. ब्राझीलची वाणिज्य वकिलात मुंबईत आहे. थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे जाताना २० तासांहून अधिक मोडतात. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसले तरी नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि आपली खरी अडचण मुंबईच्या अलीकडची आहे. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू धावते, घाटात दरड कोसळली तर रस्ताही बंद. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

रिओत उतरल्यावर पहिल्याच स्वच्छ सकाळी कोर्कोवादो उरकावा, मग तो कितवा का दिवस असेना. तिकीट तारीख आणि वेळ घालून मिळते, म्हणून महिनाभर आधी न काढता आदल्या संध्याकाळी हवामान पाहून काढावे. कोझ्मे व्हेल्योहून दातेरी रुळावरची गाडी २० मिनिटांत वर नेते. तिची तिकिटे संपली तर लार्गो दो माशादोहून व्हॅन सुटतात. माथ्यावर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. पुतळ्याचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळी चेहऱ्यावर ऊन असते, दुपारनंतर फोटो काळा येतो. गाडी ज्या तिजुका जंगलातून चढते ते माणसांनी पुन्हा लावलेले आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर बोडके झाले, शहराचे झरे आटले, तेव्हा १८६१ पासून सरकारने तिथे झाडे लावली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांनी हे जंगल नीट पाहावे. त्यात फणसही दिसेल. बाहेरून आलेला तो तिथे इतका माजला आहे की स्थानिक झाडांना डोईजड झाला आहे.

शुगरलोफ संध्याकाळसाठी ठेवा. ३९६ मीटरच्या या सुळक्यावर रोपवेने दोन टप्प्यांत जातात. जूनमध्ये दुपारी तीनपर्यंत खालच्या स्थानकावर पोहोचलात तर उजेडातला उपसागर, सूर्यास्त आणि शहरातले दिवे, तिन्ही पदरात पडतात. वारा फार असला तर रोपवे थांबतो.

ढगाळ दिवस जुन्या शहराला द्यावा. म्युनिसिपल थिएटर, पोर्तुगीज वाचनालयाचा भव्य दिवाणखाना, सेलारोन या कलाकाराच्या रंगीत फरशांच्या २१५ पायऱ्या. रविवारी मात्र हा भाग ओस पडतो, तेव्हा तिकडे फिरकू नये. प्रासा किन्झे धक्क्यावरून समोरच्या नितेरॉय शहराची फेरीबोट वीसेक मिनिटांत ग्वानाबारा उपसागर पार करते. दाभोळ-धोपावे रोज करणाऱ्यांनाही ती आवडेल आणि तिकीटही स्वस्त.

मंगळसूत्र, पाटल्या, साखळी, सगळे सोने घरी ठेवून जा. गळ्यातली साखळी आणि हातातला मोबाइल हिसकावणे तिथे नेहमीचे आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून नकाशा पाहू नका, दुकानात शिरा. रात्री टॅक्सीच. चालकाने किंवा मोबाइलने सुचवलेला जवळचा रस्ता झोपडपट्टीतून जात असेल तर नाही म्हणा. समुद्र रोज पाहणाऱ्यांनीही कोपाकबाना-इपानेमाला गाफील राहू नये: लाट मागे जाताना आत जोरात ओढते. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरू नये.

वजनावर जेवण देणारी हॉटेले शाकाहाऱ्यांना सोयीची. काळ्या घेवड्याच्या उसळीत मात्र बरेचदा डुकराचे मांस असते आणि ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर हॅम किंवा कोंबडी येऊ शकते. प्रत्येकाचे नाव घेऊन नको म्हणा. ताजी फळे, सुकी मासळी, घरचे तूप नेऊ नका, विमानतळावर जप्त होऊ शकते. वीज १२७ व्होल्टची, त्यामुळे इथली किटली पाणी नीट उकळत नाही. मोबाइलचा दोन बारीक गोल पिनांचा चार्जर चालतो.

सहल आयोजकांनी जाहिरातीतच रिओत सलग किती रात्री आहेत, कोर्कोवादोचे तिकीट ढग असल्यास बदलून मिळेल का आणि लसीची जबाबदारी कोणाची, हे छापावे. वाचकांनीही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, गुहागर