नुसते ‘यूव्ही दिवे बसवणे’ पुरेसे नाही

संपादक महोदय,

चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेने तयार केलेली, डक्टमधील (वातानुकूलनाच्या हवावाहिनीतील) हवा निर्जंतुक करणारी अतिनील-सी (यूव्ही-सी) किरणांची यंत्रणा संसदेत बसवण्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. नाट्यगृहे, न्यायालये, पालिकांची सभागृहे येथेही ती अवश्य यावी. मात्र निविदेत ‘यूव्ही दिवे बसवणे’ एवढीच ओळ लिहिली, तर पैसा वाया जाईल.

दिवे कशासाठी, हे आधी ठरवावे. एएचयूमधील (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्रातील) कूलिंग कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या, आणि त्यांखालच्या पाणी साचणाऱ्या ड्रेन पॅनवर बुरशी व चिकट थर धरू नये, एवढाच हेतू असेल तर कॉइलवर दर चौरस सेंटिमीटरला ५० ते १०० मायक्रोवॅट तीव्रता पुरते. कॉइल जागची हलत नाही, दिवसभर प्रकाशात असते. किनारपट्टीच्या दमट हवेत एवढा फायदाही मोलाचा आहे. वाहत्या हवेतले जंतू मात्र पाव सेकंदात निसटतात. ‘ॲश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने कोविडकाळात किमान १,५०० मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर मात्रा (तीव्रता गुणिले वेळ) सुचवली होती. ती पाव सेकंदात द्यायची तर सरासरी ६,००० मायक्रोवॅट तीव्रता लागते, म्हणजे कॉइलच्या किमान साठपट! हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तर प्रकाशित पट्टा सुमारे ६० सेंटिमीटर लांब हवा. कॉइलपुरते दिवे लावून ‘हवा निर्जंतुक’ असा फलक लावणे ही लोकांची फसवणूक आहे.

दिव्याची छापील क्षमता सहसा साधारण २५ अंशांच्या स्थिर हवेतली असते. कॉइलनंतरच्या थंड, वेगवान हवेत साध्या दिव्याची क्षमता बरीच उतरते. म्हणून काम ताब्यात घेताना पंखा चालू ठेवून, २५४ नॅनोमीटरच्या (या दिव्यांच्या जंतुनाशक किरणांच्या तरंगलांबीच्या) मीटरने, कायम बसवलेल्या सेन्सरवर तीव्रता मोजावी व नोंदवावी. सुमारे ९,००० तासांनी, म्हणजे अखंड चालवल्यास वर्षभराने, दिवे बदलावे लागतात. निळा उजेड त्यानंतरही दिसत राहतो आणि तिथेच देखभाल करणारे फसतात. काचेवर धूळ बसली तरी मात्रा घटते. दिवा बंद करून, हातमोजे घालून, अल्कोहोलच्या फडक्याने पुसावा. जुन्या दिव्यांत पारा असतो, ते कचऱ्यात फेकू नयेत.

एएचयूचे दार उघडताच दिवे विझतील असा इंटरलॉक स्विच हवाच. काही सेकंदांत डोळ्यांना इजा होऊ शकते, आणि ती जाणवते काही तासांनी. सिंथेटिक फिल्टर, रबरी गॅस्केट आणि वायरींचे आवरण थेट प्रकाशात ठिसूळ होते. त्यांना ॲल्युमिनियमचा आडोसा द्यावा. दिवे ओझोन न करणाऱ्या काचेचेच घ्यावेत.

या दिव्यांनी कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्यामुळे ताज्या हवेचा डँपर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) बंद करण्याची सबब म्हणून ते वापरू नयेत. शिवाय आपल्या कित्येक रुग्णालयांच्या प्रतीक्षाकक्षांत डक्टच नाही, भिंतीवर स्प्लिट एसी आहेत. तिथे जमिनीपासून सात फुटांच्या वर, आडव्या पट्ट्यांच्या आडून फक्त छताकडील हवेवर प्रकाश टाकणारे दिवे आणि हवा वरखाली फिरवणारा मंद पंखा, हाच योग्य मार्ग आहे.

– एक वातानुकूलन अभियंता, ठाणे